सहा मेंढ्यांचं बीपी पुन्हा मोजा

दोन महिने झाले. एक साधा प्रश्न घेऊन मी तीन केबिनींच्या दारात उभी राहिले. पहिल्या दारात ऐकलं, लिहून ठेवतो. दुसऱ्या दारात ऐकलं, माझ्याकडं तसं लिहिलेलं काही नाही. तिसऱ्या दारात ऐकलं, सिंधूबाई, हे तुमचं काम नाही, तुम्ही पेंड बघा. आणि आज सकाळी तिन्ही दारांतून एकच निरोप, तुम्ही सगळ्यात जुन्या, कर्मचाऱ्यांच्या वतीनं दोन शब्द गोड बोला. गोड कुठून आणू मी? लॅबमधल्या वैष्णवीनं बिचारीनं कागद लिहून दिलाय. छान अक्षर आहे. त्यात डॉक्टरांना दोनदा वटवृक्ष म्हटलंय. डॉक्टर पाच फूट चार इंच आहेत. हा कागद मी घडी करून ठेवते, रागावू नकोस पोरी.

पण रीत पाळते. रीत मोडून बोललं की लोक बोलणं ऐकत नाहीत, रीतच बघत बसतात.

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या संस्थेचे आधारस्तंभ, माननीय शंकरराव आण्णा गव्हाणे. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यातून वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या डॉक्टर सोनम मॅडम. ज्यांच्यासाठी हा हार आणि नारळ मांडलाय ते सत्कारमूर्ती डॉक्टर इंद्रजीत थिटे साहेब. त्यांच्या जागेवर आलेले नवे साहेब रविराज सर. समोर बसलेली सगळी मोठी माणसं, लॅबमधल्या मुली, गेटवरची मंडळी. आणि मागं भिंतीला टेकून उभे असलेले शेडमधले माझे सोबती पोपटराव, ज्यांना अजून कुणी खुर्ची दिलेली नाही. सगळ्यांना सिंधूबाई कोळपेचा नमस्कार.

मी चौथी शिकलेली. त्यामुळं शब्द इकडचे तिकडं होतील. आकडे होणार नाहीत. आकडे मला डॉक्टरांनीच शिकवले.

पाहुण्यांना आमचं काम माहीत आहे, पण गावातली माणसं पण आलीत, त्यांच्यासाठी सांगते. केंदूरवरून पाबळकडं जाताना जी लांब पत्र्याची शेड दिसते, तिला लोक पोल्ट्री समजतात. तिथं कोंबडी एक नाही. अठरा मेंढ्या आहेत, आणि अठराच्या अठरा बीपीच्या पेशंट आहेत. आता मेंढीला बीपी कशानं व्हावं? तिला ना लेकीच्या लग्नाची काळजी, ना सोसायटीच्या निवडणुकीची. डॉक्टरांनी ते मुद्दाम करवलंय. किडनीला रक्त नेणारी जी नळी, तिला बारीक चिमटा लावलाय. किडनीला वाटतं रक्त कमी पडलं, ती आरडाओरडा करते, आणि सगळ्या अंगाचा दाब चढतो. हे मला कळेना तेव्हा डॉक्टरांनी शेड धुवायच्या पाइपावर बुटाचा पाय दिला आणि म्हणाले, "मावशी, आता मोटारीकडं बघा, कशी घरघरते." तेवढ्यात मला सगळं कळलं. असं समजावणारा माणूस आज जातोय, त्याचं वाईट मला वाटत नाही असं कुणी समजू नये.

त्यांची एक आठवण सांगते. निरोपात आठवण सांगायची असते.

पहिल्या वर्षी, या अठरांच्या आधीच्या कळपातल्या दोन मेंढ्यांच्या कानातले बिल्ले एकाच दिवशी निघून पडले. कुंपणाला घासतात, निघतात. झालं, सगळी लॅब गोळा. कोणती सात नंबर आणि कोणती अकरा? कुणी म्हणे रक्त तपासू, कुणी म्हणे वजन करू. मी पेंडीची पाटी घेऊन आले आणि म्हटलं, ही सात, ही अकरा. डॉक्टर म्हणाले, "कशावरून?" म्हटलं, "तोंडावरून. तुम्हाला तुमच्या दोन मावश्या बिल्ल्यावरून वळखू येत्यात का?" तरी त्यांनी रक्त तपासलं. चार दिवसांनी खाली शेडमध्ये आले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "मावशींचं बरोबर होतं." इतक्या सगळ्या शिकलेल्या माणसांसमोर, मावशींचं बरोबर होतं. माझं बरोबर होतं असं माझ्या नवऱ्यानंसुद्धा तीस वर्षांत म्हटलेलं नाही.

त्या दिवसापासून माझ्या शब्दाला शेडमध्ये वजन आलं. म्हणून तर आज बोलायची भीती वाटते. वजन आलं की चूकही वजनदार होते.

तर अठरा मेंढ्या, तीन वाटे. सहांना थंडी दिली. म्हणजे मांडीच्या शिरेतून बारीक नळी आत किडनीपर्यंत न्यायची आणि तिचं टोक बर्फासारखं गार करायचं. तिथं ज्या नसा असतात, रक्ताच्या नाहीत, मेंदूला खबर पोचवणाऱ्या, त्या गारठून बधिर होतात. खबर थांबली की किडनीचा आरडाओरडा थांबतो आणि दाब उतरतो, असा हिशेब. दुसऱ्या सहांना पेशी दिल्या. दुसऱ्या मेंढीच्या चरबीतून काढायच्या, लॅबमध्ये काचेच्या बशीत वाढवायच्या, आणि सुईनं सोडायच्या. खराब किडनी आतून सुधारते का ते बघायचं. त्यांना आम्ही बी पेरलेल्या म्हणतो. राहिलेल्या सहांना काहीच नाही. त्या नुसत्या.

थंडीवाल्या सहा माझ्या हाताखाली. बाकीच्या बारा पोपटरावांच्या. रोज सकाळी आठला एकेक मेंढी अरुंद पिंजऱ्यात उभी करायची, पुढच्या पायाला पट्टा बांधायचा, पट्टा तीन वेळा फुगतो, तीन आकडे येतात, वैष्णवी लिहून घेते. एक वर्ष हे चाललंय. दिवाळी नाही, अमावास्या नाही.

सुरुवातीला सगळ्यांचं बीपी एकशे अठ्ठावन्न, एकशे साठ. नुसत्या सहांचं आजही तेवढंच आहे. बी पेरलेल्यांचं हळूहळू एकशे पन्नासवर आलं. आणि माझ्या थंडीवाल्यांचं? एकशे बावीस. निरोगी मेंढीला लाजवील असं. पुण्याहून माणसं बघायला आली. फोटो झाले. पोपटराव मला म्हणायचे, "सिंधूबाय, तुमच्या मेंढ्या म्हायेरी आल्यात, माझ्या सासरी नांदत्यात." सगळे हसायचे. मीही हसायचे.

त्या हसण्यातच सगळं होतं, आणि आमच्यातल्या कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्यासुद्धा.

आता मी माझी चूक सांगते. शंकरराव आण्णा, घड्याळ बघू नका, लांबवत नाही.

थंडी दिल्या दिवशी मेंढ्या भुलीतून बाहेर आल्या तेव्हा लटलट कापत होत्या. डॉक्टरांनी दिवा लावला, गरम हवेचं मशीन लावलं. तरी कापतात. आम्ही कोळपे. आमचे आजे-पणजे मेंढरामागं हिंडले. आता आम्ही शेती करतो, घरं बांधली, पण हात विसरत नाहीत. कापणारं मेंढरू दिसलं की हात काय शोधतो? घोंगडी. दुसऱ्या दिवशी मी घरच्या तीन घोंगड्या आणल्या. मेंढीच्याच लोकरीच्या, चुलीच्या धुराचा वास बसलेल्या, माझ्या सासऱ्यांच्या वेळच्या. दोघींत एक अशी पाठीवर टाकली. आणि मान खाली घालून सहाही जणी अशा उभ्या राहिल्या, जसं काही झालंच नाही.

शेडचा नियम आहे, बाहेरचं कापड आत आणायचं नाही. दारावर पाटी आहे, मला वाचता येते. मी म्हटलं, दोन दिवसांची गोष्ट आहे. दोन दिवसांचे आठ झाले. पुढं मला सवय लागली आणि मेंढ्यांना त्याहून जास्त. रोज सकाळी सातला घोंगडी टाकायची, कानाच्या मुळाशी जरा चोळायचं, आमची ती हाक घालायची जी मेंढरं बसवायला घालतात, आणि आठला वैष्णवी मशीन घेऊन यायच्या आत घोंगड्या पेंडीच्या कोठीत पोत्याखाली. लपवून. चोरासारखं. डॉक्टरांना माहीत नव्हतं. वैष्णवीला माहीत नव्हतं. पोपटरावांना माहीत होतं, पण ते म्हणाले, "मला काय करायचंय, माझ्या मेंढ्यांना तेवढं लाडावू नका."

बारा मेंढ्यांना घोंगडी नाही. सहांना आहे. आणि त्याच सहांना थंडी दिलेली. आता माझ्यासारखी चौथी शिकलेली बाईसुद्धा सांगेल की यात काय चुकलं. पण ते कळायला मला लेकीचं बाळंतपण व्हावं लागलं.

माझी लेक प्रांजल दौंडला दिली आहे. तिला मुलगी झाली तेव्हा मी नऊ दिवस रजेवर गेले. आमच्या घरात रीत आहे, बाळाला पहिल्यांदा जमिनीवर ठेवायचं ते घोंगडीवर. म्हणून मी पोत्याखालच्या तिन्ही घोंगड्या काढून घेऊन गेले. माझी थंडीवाली सहा मेंढरं नऊ दिवस पोपटरावांकडं.

परत आले तर वैष्णवी म्हणाली, "मावशी, तुम्ही गेलात आणि तुमच्या मेंढ्यांचं बीपी चढलं. एकशे सेहेचाळीस, सत्तेचाळीस. पोपटमामांना काही जमत नाही."

पोपटराव म्हणाले, "मला जमत न्हाई तर माझ्या बाराचं का न्हाई चढलं गं?"

पोपटरावांनी हे चिडून म्हटलं. पण मी हातातली पाटी खाली ठेवली. कारण खरंच, माणूस तोच, पट्टा तोच, पिंजरा तोच. त्यांच्या बाराच्या बारा होत्या तिथंच राहिल्या. बी पेरलेल्यांचं एकशे पन्नास ते एकशे पन्नासच. चढलं ते फक्त माझ्या सहांचं. त्या नऊ दिवसांत माझ्या सहांजवळ काय नव्हतं? थंडी तर दिलेलीच होती, ती काय मी दौंडला नेली नव्हती.

मी कुणाला बोलले नाही. मी करून बघितलं. दोन सकाळी घोंगडी टाकली नाही, चोळलं नाही, हाक घातली नाही, तोंड शिवल्यासारखी उभी राहिले. आकडे एकशे चव्वेचाळीस, एकशे अठ्ठेचाळीस. मग दोन सकाळी घोंगडी टाकली. एकशे बावीस, एकशे तेवीस. परत दोन सकाळी काढली. एकशे सेहेचाळीस. मी खडूनं कोठीच्या भिंतीवर लिहून ठेवलंय, एका बाजूला घोंगडी, एका बाजूला बिनघोंगडी. ते आजही तिथं आहे. कुणी पुसलं तर मला पाठ आहे.

कान देऊन ऐका, कारण नंतर लोक माझं बोलणं मोडून सांगतील. थंडीनं काहीच होत नाही असं मी म्हणत नाही. एकशे साठाचं एकशे सेहेचाळीस झालं ते कदाचित थंडीचंच आहे. पण तिथून खाली एकशे बावीसपर्यंत जे उतरलं, ते माझ्या सासऱ्यांच्या घोंगडीचं आहे. डॉक्टरांनी छापायला पाठवलेल्या कागदात ते सगळं थंडीच्या नावावर गेलंय. आणि बी पेरलेल्यांचं जे दहा आकडे उतरलं, कुणी लाड न करता, ते खरं असूनही त्याच्यासाठी कुणी टाळी वाजवली नाही, कारण माझ्या खोट्यापुढं ते लहान दिसलं.

मग मी डॉक्टरांकडं गेले. सत्कारमूर्ती समोर बसलेत, मी एक शब्द वाढवून सांगत असेन तर त्यांनी मला थांबवावं.

मी म्हटलं, "डॉक्टर, माझ्याकडनं चूक झालीया." आणि सगळं सांगितलं. आधी ते हसले. घोंगडी, मावशी, घोंगडी, असं म्हणाले. मग हसायचे थांबले. उठून दार लावलं. म्हणाले, "हे कुणाला सांगितलंत?"

"कुनाला न्हाई."

"हे बघा, ते नऊ दिवस आपण धरलेलेच नाहीत. हाताळणारा माणूस बदलला होता, म्हणून नियमाप्रमाणं वगळलेत."

मी म्हटलं, "मी नव्हते म्हणून ते आकडं वगळलं. मग मी व्हते म्हणून जे उतरलं, ते कसं धरलं?"

डॉक्टरांनी टेबलावरची पट्टी उचलली. ती उलटी-सुलटी करायला लागले. मला वाटलं आता पाइपावर पाय देऊन समजावतील तसं काहीतरी समजावतील. शेवटी म्हणाले, "कागद छापायला गेलाय, मावशी. पण मी लिहून ठेवतो."

मी विश्वास ठेवला. पंधरा दिवसांनी कळलं की डॉक्टर हैदराबादला चाललेत, मोठ्या जागेवर. चांगलं झालं, माणूस मोठा व्हावा. मी रविराज सरांकडं गेले. त्यांनी फाइल उघडली, माझ्यासमोर पानं उलटली, आणि खरं तेच बोलले, तसं लिहिलेलं काही नाही. मी शंकरराव आण्णांकडं गेले, आण्णांनी मला पेंडीकडं पाठवलं. आण्णा, तुमचा मान आहे, तुमच्या आईच्या हातची भाकरी मी खाल्लीय. पण पेंडीचं सगळं ठीक आहे. पेंडीत काही अडचण नाही.

तुम्ही म्हणाल, बाई, आकड्यांचं एवढं काय मनाला लावून घेतलंस? मेंढ्यांचंच तर आहे.

मेंढ्यांचं असतं तर मी घरी बसले असते.

माझा थोरला भाऊ हरिबा. दौंडला राहतो, रेल्वेत गँगमन होता, रुळावर उन्हात आयुष्य काढलं. आता बीपी दोनशेच्या घरात. तीन गोळ्या घेतो तेव्हा कुठं एकशे पन्नासवर थांबतं. मागच्या वर्षी दौंड स्टेशनच्या पुलावर डोळ्यांपुढं अंधारी येऊन बसला, लोकांनी उचलून आणला. डॉक्टरनं सांगितलं, गोळी चुकली तर पुढच्या वेळी मेंदूवर जाईल. तर या हरिबाला दिवाळीत मी काय सांगितलं? मीच सांगितलं. म्हटलं, दादा, आमच्या मेंढ्यांचं थंडीनं एकशे बावीसवर आलंय, पुण्यात आता माणसांवर करणार आहेत, पहिल्या वीस जणांत नाव दे.

तो म्हणाला, "सिंधे, मेंढराचं उतरलं तर माझं बी उतरंल. आपुन त्येंच्यापरीस न्यारं हाव का?"

वहिनी म्हणाल्या, "मेंढरं तरी ऐकत्यात. ह्यो माणूस मीठ सोडंना."

त्यानं नाव दिलं. पुण्याला जाऊन आला. रक्त झालं, फोटो झाले, कागदावर सही झाली. सोनम मॅडम, तुमच्याच दवाखान्यात. तुमच्या माणसांनी त्याला चांगलं वागवलं, तो गावभर सांगत हिंडतो. आणि तुमच्या माणसांनी त्याला तारीख दिली आहे. येत्या सोमवारी नाही, त्याच्या पुढच्या सोमवारपासून तिन्ही गोळ्या बंद करायच्या. थंडीचा गुण नुसता थंडीचाच दिसावा म्हणून चार आठवडे गोळ्या नाहीत, मग नळी घालणार, मग थंडी.

मॅडम, मला एकच कळत नाही. गोळ्यांचा गुण मिसळू नये म्हणून एवढी काळजी घेता, मग घोंगडीचा गुण मिसळला त्याचं काय? एकशे साठाचं एकशे बावीस होतं म्हणून हरिबानं जीव लावला. एकशे साठाचं एकशे सेहेचाळीसच होतं असं त्याला कुणी सांगितलं असतं, तर त्यानं चार आठवडे गोळ्या सोडल्या असत्या का? कदाचित सोडल्या असत्या, हेकट आहे तो. पण खरा आकडा ऐकून सोडल्या असत्या. आज तो माझ्या चुकीवर सही करून बसलाय.

मी त्याला घोंगडीचं सांगितलं. फोनवर. तो एवढा हसला की वहिनींनी फोन काढून घेतला. म्हणाला, "मग मला बी टाक की एक घोंगडी, सुईची कटकट नगं." त्याला वाटतं मी घाबरट आहे. त्याला वाटतं एवढे मोठे डॉक्टर चुकत नसतात, सिंधी चुकत असेल. आणि बरोबरच आहे, चुकले तर मीच.

आता यात घाई कसली, ते ऐका. येत्या शुक्रवारी अठराही मेंढ्या मारणार आहेत. किडन्या काढून आतून बघायच्या आहेत. त्यात मला काही म्हणायचं नाही. मेंढरू कापतात हे मला कुणी शिकवू नये, आमच्या दारात कापलेली आहेत. त्यांना वाचवा म्हणून मी इथं उभी नाही. पण मेलेल्या मेंढीच्या पायाला पट्टा बांधून काय मोजणार? शुक्रवारनंतर थंडीचं किती आणि घोंगडीचं किती हे या जगात कुणालाच सांगता येणार नाही. उरेल फक्त छापलेला कागद आणि त्याच्यावरचा एकशे बावीस.

म्हणून माझं मागणं असं आहे. तीन सकाळी द्या. सोमवार, मंगळवार, बुधवार. मी शेडमध्ये पाय ठेवत नाही, गेटच्या बाहेर बसते, वाटल्यास माझी झडती घ्या. घोंगड्या मी परत दौंडला लेकीकडं नेऊन ठेवल्यात. सगळ्या अठरा मेंढ्या पोपटराव धरतील. मोजायला वैष्णवी नको, तिला थंडीवाल्या कोणत्या ते माहीत आहे; पुण्याहून मॅडमनी कुणी एक मुलगी पाठवावी जिला काहीच माहीत नाही. बिल्ल्यावर कागद चिकटवा. तीन आकडे घ्या, जसे रोज घेतात. त्यात एकशे बावीस आला तर मी याच हॉलमध्ये पुन्हा उभी राहून सांगेन की सिंधूबाईचं डोकं फिरलं होतं, आणि हरिबाच्या हातात हात घालून त्याला पुण्याला सोडून येईन. आणि एकशे सेहेचाळीस आला तर तो आकडा त्या वीस जणांच्या हातात द्या, मराठीत लिहून. मग ज्याला यायचं तो येईल.

यात कुणाचं काय जातंय? डॉक्टर, तुमचं नाव जाईल असं वाटतंय का? तुमचं नाव मी जाऊ देणार नाही. चूक माझी, कापड माझं, पोतं माझ्या कोठीतलं. तुम्ही तेवढं बोला, की या बाईनं मला दोन महिन्यांपूर्वी सांगितलं होतं. तुम्ही एकदा सगळ्यांच्या देखत म्हणाला होतात, मावशींचं बरोबर होतं. तेव्हा मी बरोबर होते हे सांगायला तुम्हाला चार दिवस लागले. या वेळी मी चुकले, हे सांगायला दोन महिने का लागावेत?

मान खाली घालू नका, डॉक्टर. मी भांडायला आले नाही. मला भीती वाटते. सकाळी मोबाइल वाजला की आधी दौंडचा नंबर आहे का बघते. शेडमध्ये पट्टा फुगायचा आवाज आला की माझेच दंड आवळल्यासारखे वाटतात. परवा वैष्णवीनं गंमत म्हणून माझ्या हाताला माणसाचं मशीन लावलं. किती आलं ते तिला विचारा, इथं सांगत नाही, आण्णा मला रजेवर पाठवतील.

बरं. आता निरोपाचं जे बोलायचं ते बोलून बसते.

डॉक्टर इंद्रजीत साहेब, तुम्ही केंदूरचे, आमच्याच मातीतले, इतकं शिकून परत इथंच आलात. बारा वर्षं तुम्ही शेडमध्ये यायच्या आधी दारात चपला काढल्या, मेंढ्यांच्या दारातसुद्धा. पहिल्या दिवशी वाकून पेन उचलायला गेलात आणि तेव्हाच्या अकरा नंबरनं मागून धडक दिली, तेव्हा तुम्ही तिच्यावर हात उगारला नाही, आम्ही हसलो म्हणून आमच्यावरही नाही. माझ्या हातात पहिल्यांदा मशीन दिलंत ते तुम्हीच. मी अडाणी आहे असं तुम्ही मला कधी जाणवू दिलं नाही. हैदराबादला तुम्हाला चांगली माणसं मिळोत. तिथं कुणी तुमच्याकडं चूक कबूल करायला आलं, तर दार लावू नका, एवढंच.

सोनम मॅडम, तुम्ही इतक्या लांबून आलात, तुमचे आभार. रविराज सर, नव्या माणसाच्या गळ्यात पहिल्याच आठवड्यात हे घातलं, पण ते तुमच्याच खुर्चीत ठेवलेलं आहे, मी आणलेलं नाही. शंकरराव आण्णा, तुम्ही माईक काढून घेतला नाहीत, त्याबद्दल तुमचे सगळ्यात जास्त आभार. पोपटरावांना आता तरी कुणी खुर्ची द्या. बोलताना माझी जीभ कुणाला लागली असेल, मोठ्यांचा मान राखायचा राहिला असेल, तर लेकीबाळीचं बोलणं समजून पोटात घाला. पण माझी चूक पोटात घालू नका, ती बाहेर काढा.

आज शनिवार. हरिबाला मी शपथ घातलीय की माझा फोन आल्याशिवाय गोळी सोडायची नाही, तारीख उलटली तरी नाही. तो माझं फार दिवस ऐकणार नाही. गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता मी रविराज सरांच्या केबिनच्या दारात उभी असेन, मॅडमना फोन लावायला सरांनी हरकत घेऊ नये. तीन सकाळी मोजलं का, आणि आकडा किती, एवढंच मला ऐकायचंय. नाही मोजलं तर नाही म्हणून सांगा, पण कागदावर लिहून आणि खाली सही करून सांगा. पाच वाजून पाच मिनिटांनी मला दौंडला फोन करायचाय. त्याला काय सांगू, ते तुम्ही ठरवा.